वंशावळ गुरूंची की नोकऱ्यांची?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या जगात ९ ऑक्टोबर २०२१ रोजी एक अघटित घडले. अलाबामा विद्यापीठाचे ख्यातनाम प्रशिक्षक निक सेबन यांच्या संघाला टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या संघाने अखेरच्या क्षणी ४१-३८ असे हरविले. विजयी संघाचे प्रशिक्षक जिम्बो फिशर हे सेबन यांचे जुने साहाय्यक. तोपर्यंत माजी साहाय्यकांच्या संघांशी झालेले २४ सामने सेबन यांनी एकही न गमावता जिंकले होते. साहजिकच शिष्याने अखेर गुरूला नमविले, हीच त्या सामन्याची ओळख ठरली.

परंतु फिशर हे सेबन यांचे शिष्य, हे ठरविले कोणी? लुइझियाना राज्य विद्यापीठात २००० ते २००४ अशी पाच वर्षे ते सेबन यांच्या हाताखाली होते, हे खरे. त्यापूर्वी मात्र ते टेरी बाउडेन यांच्या संघातून खेळले आणि पुढे दीर्घकाळ त्यांचेच साहाय्यक होते. नंतर फ्लोरिडा राज्य विद्यापीठात टेरी यांचे वडील बॉबी बाउडेन यांच्याकडे त्यांनी तीन वर्षे काढली आणि २०१० मध्ये त्यांचीच गादी चालविली. सहवासाची वर्षे मोजली, तर बाउडेन घराण्याचा हक्क सेबन यांच्याहून मोठा ठरतो. तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते सेबन यांचे, कारण त्यांच्या नावाला बाजारात अधिक मोल होते. येथेच खरी मेख आहे.

ज्या फुटबॉलविषयी हे चालले आहे तो आपल्याकडील पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडण्याचा तो अमेरिकन खेळ. त्यात प्रत्येक डाव आधी आखलेला असतो. म्हणून प्रशिक्षकाचे महत्त्व तेथे असाधारण आहे. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन प्रमुख, त्यांच्याखाली प्रत्येक जागेच्या खेळाडूंना शिकविणारे साहाय्यक आणि सर्वांत खाली अल्प मोबदल्यावर उमेदवारी करणारे पदवीधर अशी उतरंड असते. या उतरंडीतून वर चढून जो अन्यत्र मुख्य प्रशिक्षक होतो, तो जुन्या मुख्य प्रशिक्षकाच्या वृक्षाची फांदी मानला जातो. याला तेथे ‘कोचिंग ट्री’ म्हणतात. या वृक्षाची व्याख्या कोणत्याही नियमावलीत नाही. किती वर्षांची नोकरी म्हणजे शिष्यत्व, आणि खेळाडू म्हणून घेतलेले शिक्षण त्यात धरावे की नाही, हे सारे वृत्तपत्रे, समालोचक आणि विद्यापीठांची प्रसिद्धिखाती आपापल्या सोयीने ठरवितात.

हा केवळ क्रीडाशौकिनांचा विरंगुळा असता, तर त्याची चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. अशा नेमणुकीत विद्यापीठापुढे एक जुनीच आर्थिक अडचण उभी राहते. उमेदवाराची खरी कुवत आधी कळत नाही. ती कळेपर्यंत करार होऊन गेलेला असतो. मग सोन्यावरील कसाच्या शिक्क्याप्रमाणे वंशावळीचा शिक्का पाहिला जातो. हा शिक्का महाग पडू शकतो. फिशर यांच्याशी टेक्सस ए अँड एमने २०१७ च्या अखेरीस १० वर्षांचा, ७.५ कोटी डॉलरचा करार केला, २०२१ मध्ये तो वाढविला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांना दूर करताना ७.५ कोटींहून अधिक डॉलर देण्याचे दायित्व पत्करले. अर्थात फिशर यांच्यापाशी २०१३ चे राष्ट्रीय अजिंक्यपद होते. केवळ वंशावळीवर त्यांची नेमणूक झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि ज्याच्यापाशी असे कर्तृत्व अद्याप नसते, त्याच्या बाबतीत शिक्का हेच भांडवल ठरते.

या हिशेबातील पहिला दोष म्हणजे एकच जमा दोन खात्यांवर मांडली जाते. स्टीव्ह सार्कीसियन आणि लेन किफिन हे दोघे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पीट कॅरल यांच्या हाताखाली वाढले. मुख्य प्रशिक्षकपदे भूषवून आणि गमावून झाल्यावर ते सेबन यांच्याकडे आले, आणि पुन्हा मुख्य प्रशिक्षक होताच सेबन यांच्या वृक्षावरही त्यांची नावे झळकली. सार्कीसियन तर विद्यार्थिदशेत लॅव्हेल एडवर्ड्‌स यांचे क्वार्टरबॅक होते. त्या गुरूचे नाव क्वचितच निघते. दुसरा दोष असा की, जमेच्या बाजूला जेवढी काळजीपूर्वक नोंद होते तेवढी खर्चाच्या बाजूला होत नाही. जॉर्जिया विद्यापीठाला २०२१ आणि २०२२ ची अजिंक्यपदे मिळवून देणारे कर्बी स्मार्ट हे सेबन यांची फांदी म्हणून नित्य मिरविले जातात. टेनेसी विद्यापीठात तीन हंगामांनंतर पद गमावलेले डेरेक डूली हेही त्यांचेच साहाय्यक होते, याची आठवण कोणी सहसा काढीत नाही. यशस्वी तेवढे आपले आणि अपयशी ते परके, अशा रीतीने मांडलेला ताळेबंद कोणता हिशेबनीस मान्य करील?

मग परंपरा असे काही नसतेच काय? असते, मात्र ती अशा गणतीहून निराळी असते. संगीतातले घराणे गायकीवरून ओळखले जाते, गवई कोणत्या दरबारी चाकरीला होता यावरून नाही. फुटबॉलमध्येही अशी उदाहरणे आहेत. बो शेंबेक्लर हे मायामी विद्यापीठात (हे ओहायो राज्यातले) वुडी हेझ यांच्या संघातून खेळले आणि पुढे ओहायो राज्य विद्यापीठात त्यांचे साहाय्यक झाले. १९६९ मध्ये मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक होताच त्यांनी हेझ यांच्या, सलग २२ सामने जिंकत आलेल्या संघाला २४-१२ असे हरविले. चेंडू घेऊन जमिनीवरून रेटत जाण्याची गुरूची विद्या त्यांनी गुरूवरच चालविली होती. या लढतीसह दोघांमधील दहा लढतींचा हिशेब ५ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी असा शिष्याच्या बाजूने झुकला. येथे नोकरी होती आणि विद्याही होती.

याउलट जेथे नोकरी नाही तेथेही विद्या पोहोचते. हॅल ममी यांनी लॅव्हेल एडवर्ड्‌स यांच्याकडे कधीही नोकरी केली नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात जाऊन त्यांनी एडवर्ड्‌स यांचा फेकीचा खेळ अभ्यासिला आणि १९८९ पासून आयोवा वेस्लियन या लहानशा महाविद्यालयात माइक लीच यांच्या साथीने त्यातून ‘एअर रेड’ ही पद्धत घडविली. मोजकेच डाव, पण त्यांची अखंड घोटणी, हे तिचे मर्म. लीच हे कायद्याचे पदवीधर. महाविद्यालयीन फुटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते. तरीही त्यांच्याकडे शिकलेल्या लिंकन रायली यांच्यासारख्यांनी ही पद्धत देशभर नेली. नोकरीच्या नोंदींतून एडवर्ड्‌स ते रायली ही साखळी सापडणार नाही.

व्याख्या संकुचित राहिल्याने सर्वांत मोठा अन्याय झाला तो कृष्णवर्णीय गुरूंवर. जेक गेदर यांनी १९४५ ते १९६९ या काळात फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात २०३ सामने जिंकले. त्यांच्या प्रशिक्षण शिबिरांना गोरे प्रशिक्षकही आवर्जून जात. ते तेथून विद्या घेऊन गेले. पण गेदर यांच्या शिष्यांना साहाय्यक म्हणून नेमण्यास त्यांची विद्यापीठे त्या काळी तयार नव्हती. नोकरी नाही म्हणून फांदी नाही, आणि फांदी नाही म्हणून वृक्षही नाही! ग्रॅम्बलिंगच्या एडी रॉबिन्सन यांनी ४०८ विजय मिळविले, तरी मोठ्या विद्यापीठांच्या वंशावळीत त्यांना कोठे जागा आहे?

आणि ज्यांना वृक्षावर जागा मिळाली, त्यांचे तरी काय झाले? सिल्व्हेस्टर क्रूम हे अलाबामात बेअर ब्रायंट यांच्या हाताखाली खेळले, तेथेच दहा वर्षे साहाय्यक होते आणि पुढे व्यावसायिक संघांतही त्यांनी अनेक वर्षे काढली. २००३ मध्ये अलाबामाचे मुख्य प्रशिक्षकपद रिकामे झाले तेव्हा ते स्पर्धेत होते. निवड झाली ती ३७ वर्षांच्या माइक शूला यांची. शूला हे थोर प्रशिक्षक डॉन शूला यांचे चिरंजीव, आणि ते अलाबामात विद्यार्थी-खेळाडू असताना क्रूम तेथे शिकवीत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपी राज्य विद्यापीठाने क्रूम यांना नेमले, तेव्हा आग्नेय परिषदेला आपला पहिला कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल प्रशिक्षक मिळाला. वंशावळीचा शिक्का सर्वांच्या हाती सारख्या किमतीला वटत नाही, हेच यातून दिसले. २०२० मध्ये माइक लॉक्सली यांना अल्पसंख्य प्रशिक्षकांची स्वतंत्र संघटना उभारावीशी वाटली, यात नवल नाही.

यावर असे म्हटले जाईल की, चांगल्या गुरूजवळ चांगली माणसे घडतात हा अनुभव आहे. आयोवाच्या हेडन फ्राय यांच्याकडून बिल स्नायडर, बॅरी अल्व्हारेझ, कर्क फेरेन्ट्‌झ आणि बॉब स्टूप्स निघाले. हा योगायोग म्हणता येणार नाही. मुद्दा मान्य आहे. पण फ्राय यांनी त्यांना घडविले किती आणि पारखून निवडले किती, हे कोणत्याही गणतीतून उलगडत नाही. शिवाय स्टूप्स हे नंतर स्नायडर आणि स्टीव्ह स्परियर यांच्याकडेही शिकले. माणसाला एकाहून अधिक गुरू असू शकतात, एवढी साधी गोष्ट या वृक्षांत बसत नाही.

तेव्हा वंशावळी मांडू नयेत असे नाही. त्या प्रामाणिकपणे मांडाव्यात. कोणाकडे नोकरी केली याऐवजी कोणती विद्या कोणाकडून आली हे विचारावे. यशस्वी शिष्यांबरोबर अपयशी शिष्यही मोजावेत. शाळेतला पहिला शिक्षक, तळच्या पायरीवरचा साहाय्यक आणि ज्याच्या शिबिरात वही भरली तो परका गुरू, यांनाही जागा द्यावी. आणि नेमणूक करणाऱ्या विद्यापीठांनी उमेदवाराच्या वृक्षाची उंची पाहण्याआधी त्याचे स्वतःचे काम पाहावे. शिष्याने गुरूचे नाव सांगावे ही ऋण फेडण्याची रीत आहे. त्याच नावाचा दाखला करून नोकऱ्या वाटल्या जाऊ लागल्या की ऋण बाजूला राहते, आणि ज्याच्यापाशी सांगण्यासारखे नाव नाही त्याच्यापुढे दार बंद होते.