लघुग्रह ‘सापडला’ म्हणजे नेमके काय? राहात्याच्या शाळांनी हे समजून घ्यायला हवे

राहाता : ‘शाळकरी विद्यार्थ्यांनी शोधला लघुग्रह, मिळाले प्रमाणपत्र’ अशा बातम्या अधूनमधून मोबाइलवर फिरतात. फॅमिली ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. कौतुक योग्यच आहे. पण अशी बहुतेक प्रमाणपत्रे प्राथमिक नोंदीची असतात. शोधावर शिक्कामोर्तब होण्यास पुढे बरीच वर्षे लागतात. मुलांना आणि पालकांना हे स्पष्ट सांगायला हवे.

मुले नेमके काय करतात?

‘आयएएससी’ हा अमेरिकेतील टेक्सासमधून चालणारा उपक्रम आहे. हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीने आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने टिपलेली छायाचित्रे त्यात विद्यार्थ्यांच्या गटांना मिळतात. ती संगणकावर एकामागून एक पाहिली की तारे जागीच राहतात. एखादा ठिपका मात्र सरळ रेषेत सरकतो. तो लघुग्रह असू शकतो. सहभाग मोफत आहे. त्यामुळे कोणी फी मागितली, तर ती कशासाठी, हे पालकांनी जरूर विचारावे.

शोध पक्का कधी होतो?

ही नोंद ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे जाते. तो ठिपका आधीच माहीत असलेला लघुग्रह नाही ना, हे तपासले जाते. मुख्य पट्टा मंगळ आणि गुरूच्या कक्षांमध्ये आहे. तेथील बहुतेक लघुग्रहांना सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण तीन ते सहा वर्षे लागतात. काही रात्रींच्या नोंदींवरून ही कक्षा अचूक ठरत नाही. तो पुढील वर्षांत पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. त्यानंतर कायम क्रमांक मिळतो आणि मगच नाव देता येते.

पंडित जसराज यांच्या नावाचा लघुग्रह याच पट्ट्यात आहे. तो ११ नोव्हेंबर २००६ रोजी सापडला, नाव मिळाले २०१९ मध्ये. त्याचा क्रमांक ३००१२८. आकड्यांच्या जोड्या उलट क्रमाने वाचल्या की २८-०१-३० ही पंडितजींची जन्मतारीख मिळते.

आकाराचे काय?

इतक्या दूरचा लघुग्रह छायाचित्रात केवळ ठिपका दिसतो. त्याच्या तेजावरून आकाराचा अंदाज बांधतात. पण काळसर खडक कमी प्रकाश परावर्तित करतो. त्यामुळे सारख्याच अंतरावर सारखेच तेजस्वी दिसणाऱ्या दोन लघुग्रहांपैकी काळसर लघुग्रह आकाराने मोठा असतो. म्हणून बातमीतला ‘इतक्या मीटरचा’ हा आकडा बहुतेक वेळा अंदाजच असतो.

राहात्याला काय करता येईल?

या कामाला स्वतःची दुर्बीण लागत नाही. शेजारच्या शिर्डीच्या दिव्यांनी रात्रीचे आकाश उजळले तरी अडत नाही, कारण छायाचित्रे हवाईहून येतात. हवा असतो चालू संगणक, इंटरनेट आणि वेळ देणारा शिक्षक. मुंबई-पुण्याच्या मुलांना मिळतात तशीच छायाचित्रे पेरूच्या बागांमधल्या शाळेलाही मिळू शकतात. तालुक्यातील शाळांनी गट करून ही संधी घ्यावी.

नोंद झाली तर फलकावर ‘लघुग्रह शोधला’ऐवजी ‘प्राथमिक नोंद केली’ असे लिहावे. त्याने मुलांचे श्रेय कमी होत नाही. आज नववीतल्या मुलीने टिपलेल्या ठिपक्याला कायम क्रमांक मिळेल, तेव्हा ती कदाचित नोकरीला लागलेली असेल. विज्ञानाला इतका वेळ लागतो, हे तिला शाळेतच कळले तर प्रमाणपत्रापेक्षा ती मोठी कमाई ठरेल.