आधी रांगा, मग वंशवृक्ष

माणूस आणि चिंपँझी यांच्या सायटोक्रोम-सी या प्रथिनातील १०४ अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत सारखा आहे. ऱ्हीसस माकडात एकच आम्ल वेगळे. अशा तुलनेतून संगणक वंशवृक्ष काढतो. त्याआधी प्रत्येक आम्लाला एक अक्षर देऊन रांगा एकाखाली एक जुळवाव्या लागतात. गळलेल्या अक्षराची जागा रिकामी सोडली नाही, तर पुढची सारी अक्षरे सरकतात आणि सख्खे भाऊ परके ठरतात! हिगिन्स व शार्प यांनी १९८८ साली डब्लिनमध्ये ‘क्लस्टल’ ही आज्ञावली रचली ती या जुळणीसाठीच. तरीही माझे मत असे, की रांगा स्वतः तपासल्याखेरीज वृक्षावर विश्वास ठेवू नये. व्हर्नियरची शून्य त्रुटी न पाहता तुम्ही माप घेता का? चुकीच्या रांगांवरूनही संगणक तितकाच सुबक वृक्ष काढतो.