जोसेफ के.चा हॅपी बर्थडे

तिसावा वाढदिवस म्हणजे रात्री बाराचा केक, फोनवर विशेसचा पाऊस आणि आईचं 'आता तरी सेटल हो' हे वार्षिक लेक्चर. जोसेफ के.च्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. सकाळी डोळे उघडतो तर दोन अनोळखी माणसं घरात. म्हणाली, तुला अटक झालीय. गुन्हा काय? ते सांगणं त्यांच्या कामात बसत नाही! वर पठ्ठ्यांनी त्याचा ब्रेकफास्टही हाणला.

फ्रान्झ काफ्काची 'द ट्रायल' ही कादंबरी अशी सुरू होते. १९१४-१५मध्ये लिहिलेली, छापली गेली १९२५मध्ये, काफ्का गेल्यानंतरच्या वर्षी. एकटा माणूस विरुद्ध सडलेली सिस्टिम हा विषय निघाला की पहिलं नाव हिचंच येतं. पण बहुतेक जण के.ला 'बिचारा' म्हणून मोकळे होतात, आणि तिथेच खरी गंमत हुकते.

कारण हा के. कोण, तर एका मोठ्या बँकेतला वरिष्ठ अधिकारी. वेल सेटल्ड म्हणा ना. अटक होऊनही त्याला तुरुंगात टाकत नाहीत, ऑफिसला जायची मुभा असते. आणि ऑफिसात हा काय करतो? स्वतःच्या केसच्या विचारात केबिनमध्ये बसून राहतो. बाहेर तीन क्लायंट ताटकळत बसलेत. शेवटी त्यांना तसंच सोडून हा आपल्या कामाला निघून जातो. कोर्ट त्याला ज्या बाकावर बसवतं, तसा एक बाक त्याच्या दारातही आहे. त्याच्या ते लक्षात येत नाही, काफ्काच्या येतं.

एक सीन तर डोक्यातून जाता जात नाही. त्या दोघा शिपायांनी पैशांवर आणि कपड्यांवर डोळा ठेवला होता, म्हणून के.ने भर कोर्टात त्यांच्याविरुद्ध तक्रार केलेली असते. एका संध्याकाळी बँकेतल्याच अडगळीच्या खोलीतून विव्हळण्याचे आवाज येतात. दार उघडतो, तर त्या दोघांना फटके मारायची तयारी चाललेली. का? तर याच्या तक्रारीमुळे! के. हादरतो. मारणाऱ्याला चक्क पैसे देऊ करतो. भ्रष्टाचाराविरुद्ध भाषण ठोकणारा हाच तो माणूस, बरं का. मग बँकेचे शिपाई येताना दिसतात तेव्हा दार ओढून घेतो आणि बाहेर कुत्रा ओरडतोय म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी दार उघडतो, तर सगळं जसंच्या तसं. यावर के. काय करतो? खोली साफ करायला सांगतो. बस्स!

काफ्काला हे सगळं आतून ठाऊक होतं. कायद्याचा डॉक्टर असलेला हा माणूस १९०८ ते १९२२ प्रागमध्ये कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. धोक्यानुसार कारखान्यांची वर्गवारी, त्यांची अपिलं, अहवाल. टेबलाच्या या बाजूचा माणूस!

आपल्याकडे हा तिढा चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' (२०१४) या सिनेमात सापडतो. एका शाहिरावर आरोप, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. तारखांवर तारखा. पण व्हिलन शोधायला जाल तर हाती लागत नाही. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, घरच्यांबरोबर नाटक बघतात. चारचौघींसारख्या. न्यायाधीश साहेब सुट्टीत रिसॉर्टवर. शाहीर आतच.

ऑफिसात 'सर मीटिंगमध्ये आहेत, उद्या या' हे तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत, ते पटकन आठवेल. शेवटचं कधी म्हणालात, हे आठवायला मात्र जरा वेळ लागेल.

'द ट्रायल' अपुरी आहे, प्रकरणांचा क्रमही काफ्काच्या मित्राने, मॅक्स ब्रॉडने लावलेला. त्यामुळे मधूनच उघडलीत तरी बिघडत नाही. अडगळीच्या खोलीचं प्रकरण पाचवं. छोटंसं आहे, लंच ब्रेकमध्ये संपेल.