चिपाड तेवढेच, वीज जास्त

देश पुढे जायचा तर विजेचा वापर वाढणारच, हे खरे आहे, पण अर्धे. भारतात दरडोई वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज वापरली जाते. जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे. तेव्हा ‘वापर कमी करा’ हा सल्ला इथे कोणी देऊ नये. विचारायचे ते एवढेच, की तेवढ्याच जळणातून काम किती निघते?

कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्यात पंचगंगेकाठचा ऊस आहे आणि छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखानाही. एक टन ऊस गाळला की साधारण तीनशे किलो ओला बगॅस उरतो, त्यात निम्मे पाणी. गुऱ्हाळात हेच चिपाड वाळवून चुलवाणात घालतात. काहिलीतला रस आटतो, पण बरीच उष्णता धुराड्यातून वाया जाते आणि जळण घालणाऱ्याच्या छातीत धूर. जुन्या पद्धतीचे साखर कारखानेही कमी दाबाची वाफ करून फक्त स्वतःची गरज भागवत. बगॅसचे ढीग साठवणे ही डोकेदुखी, म्हणून तो जळून संपावा अशीच बॉयलरची रचना असे!

सहवीजनिर्मितीत ६७ किंवा ८७ किलो दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर तीच रस उकळायला जाते. टनभर उसामागे शंभरावर युनिट निघतात. उरलेली वीज विकता येते. खर्च मोठा, हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि वीजखरेदीचा दर दुसऱ्याच्या हाती, म्हणून संचालक मंडळे कचरतात. तरी रस्ता हाच आहे.

उसाच्या फडात मात्र उलटे चालले आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत आहे. शेतकऱ्याला दिलासा हवाच होता. पण घासलेला पंप बदलायला आता त्याच्याकडे कारण उरले नाही. वीज रात्री आली, की विंचूकाट्याच्या भीतीने पाणी सोडून तो घरी येतो आणि पहाटेपर्यंत सरी तुंबते. विजेचा वापर वाढल्याची नोंद होते, ऊस वाढत नाही. अति पाण्याने जमीन क्षारपड कशी होते, ते शिरोळ तालुक्याला विचारावे.

माफीच्या रकमेतला काही भाग चांगल्या पंपासाठी, ठिबकसाठी आणि दिवसा मिळणाऱ्या सौर विजेसाठी राखून ठेवला, तर वाचलेली युनिटे उद्यमनगरातल्या लेथला आणि शिरोलीच्या फाउंड्रीला मिळतील.