गिल्गामेशाची भिंत



मागच्या अंकात आपण लोथलला जाऊन आलो. तिथे सापडलेला इराणच्या आखाताच्या धाटणीचा गोल शिक्का तुम्हाला आठवत असेल. तो वाचून एक-दोघांनी विचारलं, ‘आपली गलबतं ज्या देशात जात, तिथली माणसं कशी होती?’ प्रश्न मला आवडला. अक्कदचा राजा सार्गोन याने इ.स.पू. २४व्या शतकात अभिमानाने नोंदवून ठेवलंय, की ‘मेलुहा’ची जहाजं आमच्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उर शहरातल्या राजथडग्यांमध्ये सिंधूकडच्या कारागिरीचे लालसर अकीकाचे नक्षीदार मणीही सापडलेत. म्हणजे ही मंडळी आपल्या पूर्वजांची गिऱ्हाइकंच. एखाद्याचा स्वभाव ओळखायचा तर तो मुलांना कोणत्या गोष्टी सांगतो ते ऐकावं. म्हणून आज त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट, गिल्गामेशाची.

ही गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षं जमिनीखाली गप्प पडून होती. आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ निनवे नावाचं शहर होतं. तिथला राजा अशुरबनिपाल याने इ.स.पू. ७व्या शतकात मातीच्या पाट्यांचं मोठं ग्रंथालय जमवलं होतं. इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूने निनवे जाळलं. कागद असता तर राख झाली असती. इथे मात्र त्या आगीत कित्येक पाट्या भाजून उलट पक्क्या झाल्या. १९व्या शतकाच्या मध्यावर त्या उकरून लंडनला गेल्या. तिथे जॉर्ज स्मिथ नावाचा एक तरुण त्या वाचत बसे. त्याचा मूळ धंदा नोटांसाठी ठसे कोरण्याचा, कॉलेजचं तोंडही न पाहिलेला. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने एका सभेत जाहीर केलं, की बायबलमधल्या महापुराची कथा या पाट्यांवर आहे. युरोप हादरला. ती पाटी गिल्गामेश महाकाव्याची अकरावी पाटी होती.

आमच्या धंद्यातल्या लोकांना या काव्याची घडण ओळखीची वाटेल. आधी सुमेरी भाषेत गिल्गामेशाच्या सुट्या कथा होत्या. इ.स.पू. १८व्या शतकाच्या सुमारास कोणीतरी त्यातून अक्कादी भाषेत एक सलग काव्य रचलं. पुढे सिन-लेकी-उन्निनी नावाच्या पंडिताने त्याची जी आवृत्ती केली, ती प्रमाण ठरली. लेखनिक ती शतकानुशतकं उतरवत राहिले. आजही तुटक्या पाट्या जोडून गाळलेल्या ओळी भरायचं काम चालूच आहे.

आता गोष्ट. गिल्गामेश हा उरुकचा राजा. दोन तृतीयांश देव, एक तृतीयांश माणूस. देखणा, बलाढ्य, पण प्रजेला नकोसा झालेला. तरुण पोरांना तो दमवून टाकतो, लग्नघरातल्या नववधूवर पहिला हक्क सांगतो. लोक देवांकडे गाऱ्हाणं घालतात. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीचं हे वीरकाव्य नायकाविरुद्धच्या तक्रारीने सुरू होतं! ज्या ताकदीचा समाजाला त्रास होतो तिला शौर्य म्हणायचं का, हा प्रश्न कवीने पहिल्याच पाटीवर मांडून ठेवलाय.

देव तक्रार ऐकतात आणि मातीतून एन्किदू घडवतात, राजाच्या तोडीचा. हा रानात हरणांबरोबर गवत खातो. शम्हत नावाची स्त्री त्याला माणसांत आणते. सहा दिवस-सात रात्री तिच्या सहवासात राहिल्यावर हरणं त्याला पाहून पळू लागतात. मग धनगरांच्या वस्तीवर त्याच्यासमोर भाकरी आणि बिअर येते. त्याला ती खायची-प्यायची कशी तेच ठाऊक नसतं. खातो, पितो, अंग धुतो, कपडे घालतो आणि माणूस होतो. माणूसपणाची व्याख्या भाकरीत शोधणारा हा समाज होता. उरुकमध्येच इ.स.पू. ३३०० च्या आसपास जगातलं सर्वांत जुनं लिखाण सुरू झालं, आणि त्या पाट्यांवर प्रामुख्याने हिशेब आहेत: जव किती आला, बिअर किती गेली, कोणाला किती शिधा मिळाला. काव्य नंतर आलं, आधी खतावणी आली.

एन्किदू राजाला लग्नघराच्या दारात अडवतो. दोघांची झुंज होते आणि त्यातून जिवाभावाची मैत्री जमते. प्रजा सुटली. पण आता दोघांना नाव कमवायचंय. ते देवदाराच्या अरण्यात जाऊन तिथला राखणदार हुंबाबा याला मारायचं ठरवतात. दक्षिण इराकमध्ये माती आणि पाणी मुबलक, पण चांगलं लाकूड नाही, दगडही नाही. मोठ्या देवळाला लाकूड लांबून आणावं लागे. त्यामुळे या स्वारीमागे एका शहराची खरी भूक आहे. म्हातारे समजावतात, कोणी ऐकत नाही. हुंबाबा शरण येतो, जीव वाचवण्याची विनवणी करतो, तरी ते त्याला मारतात आणि झाडं तोडतात.

इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयाने २०११ मध्ये एक पाटी मिळवली. तिच्यातल्या नव्या ओळी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत अरण्य पक्ष्यांच्या, रातकिड्यांच्या आणि माकडांच्या आवाजाने गजबजलेलं आहे. आणि झाडं पडल्यावर एन्किदू म्हणतो, की आपण जंगलाचं ओसाड रान केलं, आता एन्लिल देवाला काय उत्तर द्यायचं? विजयाच्या क्षणीच वीराला ही टोचणी लागते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

इथे त्यांचा धर्म थोडा समजून घ्यायला हवा. ‘अत्रहसिस’ नावाच्या दुसऱ्या काव्यात सांगितलंय, की आधी कालवे खणायचं काम धाकट्या देवांकडे होतं. ते कंटाळले, अवजारं जाळून संपावर गेले, म्हणून त्यांच्या जागी राबायला माणूस घडवला गेला. देव म्हणजे शहराचे मालक, देऊळ म्हणजे त्यांचा वाडा, आणि आपण त्यांचे गडी. मेल्यावर सगळ्यांना एकच अंधारं पाताळ, जिथे धूळ खायची. पुण्यवानाला स्वर्ग नाही, पुनर्जन्मही नाही. आपल्याला लहानपणापासून आत्मा अमर असल्याचं ऐकायची सवय. त्यांना तो दिलासाच नव्हता. गिल्गामेशाची भीती कळायला हे लक्षात ठेवावं लागतं.

पुढे इश्तार देवी गिल्गामेशाला लग्नाची मागणी घालते. तो तिच्या जुन्या प्रियकरांची काय दशा झाली ते तोंडावर ऐकवून नकार देतो. चिडलेली देवी स्वर्गाचा बैल खाली आणते. हे दोघे तोही मारतात. मग देवांची सभा बसते आणि ठरतं, की दोघांपैकी एकाने मरायचं. तो एन्किदू.

आणि मरतो कसा? बारा दिवस अंथरुणात आजारी पडून. रणात मरण आलं असतं तर नाव झालं असतं, याचंच त्याला दुःख. गिल्गामेश सहा दिवस-सात रात्री प्रेत पुरू देत नाही. मित्राच्या नाकातून अळी पडते तेव्हाच त्याला खरं कळतं. मित्राबरोबर त्याला स्वतःचंही मरण दिसतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या टीममधला माझ्याच वयाचा एक मित्र कोविडने गेला. आम्हाला त्याचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही. स्क्रीनवरच्या एका मीटिंगमध्ये दोन मिनिटं सगळे गप्प बसलो आणि पुढच्या सोमवारी त्याची कामं वाटून घेतली. त्या वर्षी गिल्गामेश पुन्हा वाचताना ते सात दिवस मला वेडेपणाचे वाटले नाहीत. शोकाला वेळ लागतो आणि तो वेळ मागून घ्यावा लागतो, एवढं त्या राजाला कळत होतं.

मग तो राज्य सोडतो, कातडी पांघरून अमरत्व शोधायला निघतो. वाटेत सिदुरी नावाची पानगृहाची मालकीण भेटते. जुन्या आवृत्तीत ती त्याला सांगते, की मरण माणसाच्या वाट्याला आहेच. पोटभर खा, स्वच्छ कपडे घाल, बोट धरणाऱ्या मुलाकडे बघ, बायकोला सुख दे. तो थांबत नाही. मरणाचं पाणी ओलांडून उतनपिश्तीपर्यंत पोचतो. हा महापुरातून वाचलेला माणूस. देवांनी पूर आणायचं ठरवलं, पण ईआ देवाने बोरूच्या भिंतीआडून इशारा दिला आणि याने नाव बांधली. आपल्याला इथे शतपथ ब्राह्मणातला मनू आणि मासा आठवतोच. फरक असा, की पूर ओसरल्यावर उतनपिश्ती नैवेद्य दाखवतो तेव्हा भुकेले देव माश्यांसारखे गोळा होतात. गडी बुडवल्यावर मालकांची उपासमार झाली! देवांविषयी इतकं बेधडक बोलूनही त्यांची पूजा करणारा हा समाज होता.

उतनपिश्ती म्हणतो, मरण जिंकायचंय ना, आधी सहा दिवस-सात रात्री झोप जिंकून दाखव. गिल्गामेश बसल्याबसल्या झोपतो. म्हातारी रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते. जागा होऊन तो म्हणतो, आत्ताच तर डोळा लागला. समोर शिळ्या, बुरसटलेल्या भाकऱ्यांची रांग. पुन्हा भाकरीच! खोटं बोलू न देणारी अशी नोंदवही मी दुसरीकडे वाचलेली नाही.

निघताना त्याला तारुण्य परत देणाऱ्या वनस्पतीचा पत्ता मिळतो. तो पाण्याच्या तळाशी जाऊन ती काढतो. आणि इथे आपल्या ययातीची आठवण होते. ययातीने तारुण्य हवं म्हणून पोटच्या मुलाचं घेतलं. पहिल्या पाटीवरचा गिल्गामेशही तेच करता. पण आता तो म्हणतो, आधी उरुकला नेऊन एखाद्या म्हाताऱ्याला खायला देऊ, मग मी खाईन. थोडा स्वतःचा विचार आहे, थोडी पारख करून बघणंही आहे. पण प्रजेचं नाव त्याच्या तोंडी या स्वरात पूर्वी आलेलं नव्हतं. वाटेत तो तळ्यात आंघोळीला उतरतो, साप वनस्पती पळवतो आणि कात टाकून निघून जातो.

राजा रडतो आणि रिकाम्या हाताने परततो. शहर दिसल्यावर सोबतच्या नावाड्याला म्हणतो, तटावर चढ, विटा बघ, पाया तपास. त्या तटाच्या आत घरं आहेत, खजुराच्या बागा आहेत, मातीच्या खाणी आहेत आणि इश्तारचं देऊळ आहे. महाकाव्याची गोष्ट इथे संपते. बारावी पाटी ही मागून जोडलेली वेगळी कथा. आज वारका इथल्या उत्खननात त्या तटाचे अवशेष दिसतात. घेर सुमारे ९ किलोमीटर.

एकट्याने राक्षस मारून मिळवलेलं नाव मित्राला वाचवू शकलं नाही. देवांनी अमरत्व दिलं नाही. उरली ती भिंत, आणि ती एकट्याची नव्हती. जव मोजून शिधा घेणाऱ्या हजारो हातांनी विटा रचल्या होत्या. वीर कोण, याचं उत्तर काव्याने असं हळूच बदललंय. पहिल्या पाटीवर लोकांना ज्याच्यापासून सुटका हवी होती, तो शेवटी लोकांना सांभाळणारी भिंत अभिमानाने दाखवतो.

आमच्या त्या मित्राने लिहिलेला प्रोग्रॅम अजून रोज रात्री दोन वाजता चालतो. नव्या मुलांना त्याचं नाव माहीत नाही. मी मात्र त्यांना विटा दाखवतो.

पुढच्या अंकात मातीच्या पाटीवरचं साठाचं गणित, जे आपण अजून मनगटावर बांधून फिरतो. तोवर लोभ असावा.