गाळपाच्या यंत्रापासून अग्निबाणाच्या कवचापर्यंत

लहान राष्ट्रांनी अंतराळ-उद्योग कसा उभारावा, या विषयावर अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु त्या चर्चेत उड्डाणाच्या क्षणाचे वर्णन जितके सविस्तर असते, तितके त्या उड्डाणासाठी वर्षानुवर्षे एकाच प्रतीचा माल पुरविणाऱ्या कारखान्यांचे, आणि तो माल तितक्याच चिकाटीने विकत घेणाऱ्या सरकारी दप्तराचे नसते. या सदरात एरवी गूळ, मिरची, कांदा यांच्या आवकेचा आणि भावाचा विचार होतो. आज अंतराळाकडे वळण्याचे कारण एवढेच की, या प्रश्नाच्या मुळाशीही गिऱ्हाइकाचाच प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ज्या इंदापूर तालुक्यातून डाळिंब आणि पेरू आपल्या मार्केट यार्डात उतरतात, त्याच तालुक्यात, वालचंदनगर येथे उभे आहे.

राष्ट्र लहान म्हणजे किती लहान? न्यूझीलंडची वस्ती सुमारे ५० लाखांची. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची गणती ९४ लाखांवर गेली होती. त्या चिमुकल्या देशात पीटर बेक यांनी २००६ मध्ये काढलेल्या रॉकेट लॅब या कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये माहिया द्वीपकल्पावरून आपला इलेक्ट्रॉन हा अग्निबाण कक्षेपर्यंत पोचविला, हे सर्वश्रुत आहे. पण तो एकदाही उडालेला नसताना, २०१५ मध्येच, अमेरिकेच्या नासाने त्याच्यावरून उपग्रह पाठविण्याचा करार करून ठेवला होता, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. लक्झेंबर्गने तर अग्निबाणाच्या वाटेला न जाता १९८५ मध्ये सरकारी भागभांडवलाच्या आधाराने उपग्रह चालविणारी कंपनी स्थापिली, आणि दुसऱ्याच्या अग्निबाणावरून पाठविलेल्या उपग्रहांच्या भाड्यावर ती वाढविली. दोहींकडे माल सिद्ध होण्यापूर्वीच त्याला गिऱ्हाईक लाभले होते.

१९६३ च्या नोव्हेंबरात थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला तेव्हा आपला देश आकाराने मोठा असला, तरी या विद्येत आणि खजिन्यात लहानच होता. तो अग्निबाणही अमेरिकन बनावटीचा होता. अशा काळात विक्रम साराभाईंनी इंग्लंडातून परत आणलेल्या वसंतराव गोवारीकरांनी घन इंधनाची विद्या येथे रुजविली. परंतु इंधन सिद्ध झाले तरी ते भरावयाचे कशात? जे कवच आतल्या ज्वाळेचा आणि वायूचा दाब सोसेल, आणि तरीही इतके हलके राहील की अग्निबाणाला त्याचाच भार होऊ नये, ते देशात घडविणार कोण?

त्याचे उत्तर ज्या ठिकाणांहून आले, त्यांत वालचंदनगर अग्रभागी आहे. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी नीरेच्या कालव्याच्या भरवशावर कळंबच्या माळावर ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला, आणि त्या कारखान्याच्या कडेने यंत्रशाळा व ओतशाळा वाढत गेली. पुढे तिथे परक्या साखर कारखान्यांसाठी गाळपाची यंत्रे होऊ लागली, मग सिमेंटच्या कारखान्यांची, मग अणुवीजकेंद्रांची सामग्री. आणि सत्तरीच्या दशकात, जाड पोलाद वाकविण्याची आणि जोडण्याची जी हातोटी साखरेने शिकविली होती, तिच्याच बळावर एस.एल.व्ही.-३ या आपल्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाच्या कवचांचे काम त्या गावात आले. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले. तरीही सरकारने कामाचा गाशा गुंडाळला नाही, आणि १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. अपयशाच्या दुसऱ्या दिवशीही मागणी कायम ठेवणारे गिऱ्हाईक भेटणे ही कोणत्याही कारखान्याच्या आयुष्यातील मोठी पुण्याई होय.

हे काम म्हणजे काय, ते थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. ज्या एल.व्ही.एम.-३ अग्निबाणाने १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ नेले, त्याच्या दोन्ही अंगांना एस-२०० नावाचे जे दोन स्तंभ असतात, त्यांपैकी प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन असते, व्यास ३.२ मीटर असतो, आणि प्रत्येक कवच तीन खंडांचे असते. असे खंड वालचंदनगरला होतात. त्यांचे पोलाद नेहमीचे नव्हे. कर्बाऐवजी सुमारे १८ टक्के निकेलच्या आणि उष्णसंस्काराच्या जोरावर कठीण होणारे मॅरेजिंग पोलाद. ते आधी मऊ असतानाच वळवून, जोडून, कातून घ्यावयाचे, आणि मग भल्यामोठ्या भट्टीत सुमारे ४८० अंश सेल्सिअसवर काही तास मुरवावयाचे, की त्याचे बळ पुष्कळ वाढते. प्रत्येक वेल्डाची क्ष-किरणांनी तपासणी होते. नंतर कवचात पाणी भरून दाब चढवितात, आणि ते टिकले तरच पुढे जाते. खंडाला खंड जिथे मिळतो, तो सांधा सर्वांत नाजूक. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान सात जणांसह नष्ट झाले, ते अशाच एका सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरल्यामुळे. ज्या वेल्डरचा हात अशा कामावर बसला आहे तो एका हंगामात तयार होत नाही, आणि काम थांबले तर तो राहतही नाही.

आता मुख्य मुद्दा. भारताची उड्डाणे वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होतात. २०२३ साली ती सात झाली. एवढ्या मागणीवर कोणताही कारखाना पोसला जात नाही. वालचंदनगरात ही विद्या टिकली, ती त्याच छपराखाली साखरेची आणि सिमेंटची यंत्रेही होत होती म्हणून. लहान राष्ट्राचा अंतराळ-उद्योग केवळ अंतराळावर जगू शकत नाही, हे आमचे ठाम मत आहे. त्याला शेजारी दुसरा खात्रीचा धंदा लागतो, आणि मागणी थोडी असली तरी ती न खंडणारी लागते. याच वालचंद शेठांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर दरबाराच्या सहकार्याने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. त्याचीच पुढची पिढी असलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने लार्सन अँड टूब्रोच्या जोडीने २०२२ मध्ये पाच पी.एस.एल.व्ही. अग्निबाण संपूर्णपणे बांधून देण्याचा मक्ता घेतला. सुटी कवचे करण्यापासून सबंध अग्निबाण बांधण्याच्या मक्त्यापर्यंत येण्यास आपल्या उद्योगाला चार दशकांहून अधिक काळ लागला. हा विलंब कारागिरीच्या उणिवेचा नाही. सुट्या मागणीचा आहे.

भोसरी, चाकण, हडपसर येथील छोट्या यंत्रशाळांनी या कामात उतरावे, असे हल्ली मंत्री आणि अधिकारी आवर्जून सांगतात. उतरावे खरेच. परंतु मोटारीच्या भागांत हजारो नग एकाच साच्याचे निघतात. इथे चार नग, आणि प्रत्येक नगाबरोबर धातूच्या तपासणीपासून अखेरच्या मापापर्यंतची कागदपत्रे. त्यासाठी भांडवल अडकते, आणि रक्कम हाती येण्यास विलंब लागतो. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते व्हावेत, असा कायदा २००६ पासून आहे. तरीही तगाद्यात दिवस घालविणारे कारखानदार या शहरात थोडे नाहीत. इकडे बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याची पट्टी २४ तासांत चुकती करण्याचा दंडक आहे, आणि तो मोडणाऱ्या आडत्याविरुद्ध समितीकडे दाद मागता येते. डाळिंबाच्या क्रेटला जो न्याय, तो अग्निबाणाच्या झडपेला का नसावा?

जमीन आणि करसवलत ही राज्य सरकारची नेहमीची साधने. ती द्यावीत, पण त्यांनी छोट्या कारखानदाराला वेल्डर राखता येत नाही. त्यापेक्षा इस्रोची व्यापारी शाखा असलेल्या न्यू स्पेस इंडियाने, आणि २०२० मध्ये खासगी उद्योगांसाठी स्थापन झालेल्या इन-स्पेस या संस्थेने, पुढील पाच वर्षांत कोणते भाग किती लागतील याची यादी जाहीर करावी. मागणीबरोबर काही रक्कम बयाणा म्हणून द्यावी. आणि एखादे उड्डाण फसले तरी त्या वर्षाची खरेदी रद्द होणार नाही, अशी अट करारातच घालावी. राज्याने आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विशेष पोलादाच्या वेल्डिंगचा वर्ग काढून त्यातील उमेदवारांना अशाच कारखान्यांत वेतनासह दोन वर्षे ठेवण्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात करावी. १९७९ च्या ऑगस्टात जी चिकाटी दिल्लीने एका कारखान्याच्या बाबतीत दाखविली, ती आता शंभर छोट्या कारखान्यांच्या बाबतीत दाखविण्याची वेळ आली आहे.

— गुलटेकडीकर
मार्केट यार्ड, पुणे