सांता चालतो, पण येशू नको?

आमच्या निगडीत एक गंमत आहे. शाळा हवी ती 'कॉन्व्हेंट'च, पण त्यात ख्रिस्ती काही नको. इंग्रजी हवं, शिस्त हवी, सिस्टरांचा धाकही हवा. फक्त त्या सिस्टर ज्या श्रद्धेपायी घरदार सोडून आल्या, ती श्रद्धा तेवढी गेटबाहेर ठेवा. म्हणजे आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, फीचर्स सगळी हवीत, सोर्स कोड मात्र बघायचा नाही!

विषय निघायचं कारण असं. ताईची मुलगी अशाच एका शाळेत दुसरीत आहे (शाळेचं नाव मुद्दाम देत नाही). नाताळच्या कार्यक्रमात तिला देवदूत केलं. पांढरा फ्रॉक, पुठ्ठ्याचे पंख. झालं, पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ठिणगी पडली. "आपल्या मुलांना हे कशाला?" आता बघा, सांताच्या लाल टोपीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती गव्हाणीतल्या बाळाबद्दल! ताई बिचारी अडली. पंख घालू द्यायचे, की त्या दिवसापुरता पोरीला 'ताप' आणायचा?

माझं मत सरळ आहे. घालू द्यावेत.

पहिला मुद्दा कायद्याचा. राज्यघटनेच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. पण त्याच घटनेत कलम 28(3) सुद्धा आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडं आहे. ज्याला नको त्याने एक चिठ्ठी द्यावी, विषय संपला. त्यासाठी ग्रुपवर रात्री बारापर्यंत लढाई करायची गरज नाही.

दुसरा मुद्दा साध्या न्यायाचा. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते, निगडीवरून आकुर्डीला मुक्कामी येते. त्या दिवसांत आपल्याकडच्या शाळाशाळांतून दिंड्या निघतात. भाचीच्या शाळेतही निघाली. तिच्या शेजारी बसणारी मुलगी कॅथलिक आहे. घर मूळचं श्रीरामपूरकडचं, वडील चाकणला कंपनीत. ती नऊवारी नेसून, डोक्यावर तुळस घेऊन मजेत चालली. तिच्या आईने ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. "आमच्या मुलीला हे कशाला" असं त्या माउलीने विचारलं नाही. ती मुलगी वर्षभर आपल्या सणांत सामील होते. आपल्या मुलांनी एक दिवस तिच्या सणात उभं राहायचं, तर एवढा घोर?

आणि आता तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. यात थोडा दोष अशा शाळांचाही आहे. बऱ्याच ठिकाणी नाताळ म्हणजे कापसाचा बर्फ, सांता आणि इंग्रजी गाणी. मग ते परक्याचं वाटलं तर नवल काय? खरं तर मराठी कॅथलिक परंपरा आपल्या घरातलीच आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि ख्रिस्ताची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत लिहिली. ते 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात यात्रा भरते, तिथे मारियेला म्हणतात 'मतमाउली'. माउली! हा शब्द निगडीच्या माणसाला समजावून सांगावा लागेल का? 2020 साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. यातलं किती आपल्या मुलांपर्यंत पोचतं?

आमच्याकडच्या सेंट उर्सुला शाळेचंच घ्या. नाव रिक्षावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी, पण उर्सुला कोण हे विचारून बघा. दंतकथेतली ही हुतात्मा राजकन्या. अँजेला मेरिची नावाच्या बाईने 1535 साली इटलीतल्या ब्रेशियात तिच्या नावाने भगिनींचा संघ काढला. त्या परंपरेतल्या उर्सुलाइन सिस्टर पुढे मुलींच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध झाल्या. भिडेवाड्याची आठवण अभिमानाने सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट का आवडू नये?

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच. शाळांनी सांताच्या आड लपू नये. आपला सण खराखुरा करावा, मुलांना कळेल अशा मराठीतही करावा, आणि पालकांना आधी विचारून करावा. आणि पालकांनी? ॲडमिशनच्या वेळी ज्या नावासाठी आपण एवढी धडपड करतो, त्या नावाचा अर्थ मुलांना कळला तर घाबरू नये. गोष्ट ऐकल्याने कुणाचा धर्म बदलत नाही. शेजारच्या बाकावरची मैत्रीण मात्र जरा जास्त कळते, आणि प्राथमिक शाळेत याहून मोठं काही शिकायचं असतं असं मला तरी वाटत नाही.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला या, चहा माझ्याकडून!